पशुखाद्यातील प्रतिजैविके आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू

कुक्कुटपालन हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा एक महत्त्वाचा जोडधंदा आहे. २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ७ कोटी ४३ लाख पक्षी महाराष्ट्रात होते. पूर्वी परसात दहा-पंधरा गावठी कोंबड्या फिरत असत. आज त्याच गावाच्या शिवारात पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये पाच-दहा हजार पिल्ले वाढताना दिसतात आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास वजनाची होऊन विक्रीला जातात. या धंद्यातील एकूण खर्चापैकी सुमारे दोनतृतीयांश खर्च खाद्यावर होतो. मका व सोयाबीन पेंडीचे भाव चढले की साऱ्या हिशेबाचा तोल बिघडतो. त्यामुळे कमी खाद्यात जास्त वजन मिळवून देणाऱ्या कोणत्याही वस्तूचे या व्यवसायात स्वागत होते, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

प्रतिजैविके, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण अँटिबायोटिक औषधे म्हणतो ती, पशुखाद्यात शिरली ती याच वाटेने. १९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालयाने एक अधिसूचना काढून कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे अन्नासाठी पाळले जाणारे प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्यातील पूरके यांच्यासाठी उत्पादन, विक्री व वितरण करण्यास मनाई केली. कोंबडीच्या खाद्यातील एका घटकावर पशुसंवर्धन खात्याने नव्हे, तर आरोग्य मंत्रालयाने बंदी का घालावी, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सत्तर-पंचाहत्तर वर्षे मागे जावे लागते.

शोध जीवनसत्त्वाचा, सापडले भलतेच

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर येथे लेडर्ली ही औषध प्रयोगशाळा होती. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे १९४८ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत तेथील संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक मिळवले. टेट्रासायक्लिन गटातील हे पहिले औषध होय.

त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे कोंबड्यांच्या पिल्लांवर काम करीत होते. त्यांना हवे होते स्वस्त ब-१२ जीवनसत्त्व. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणाऱ्या चोथ्यात ते असावे, अशा समजुतीने त्यांनी तो चोथा पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. यकृताचा महागडा अर्क दिलेल्या पिल्लांनाही त्यांनी मागे टाकले. ही अधिकची वाढ जीवनसत्त्वामुळे नसून चोथ्यात शिल्लक राहिलेल्या औषधाच्या अंशामुळे होती, हे पुढे ध्यानात आले. १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला आणि १९५१ मध्ये अमेरिकेत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास परवानगी मिळाली. एका टनात काही ग्रॅम औषध घालायचे, एवढाच खर्च! युद्धोत्तर काळात जगाला स्वस्त मांस हवे होते. कोंबडीला कोणताही आजार झालेला नसताना तिला रोज औषध का द्यायचे, हा प्रश्न त्या उत्साहात फारसा कोणी विचारला नाही.

प्रश्न सुचण्यासारखी परिस्थिती मात्र होती. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात अपुऱ्या मात्रेचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला होता. जिवाणू मरणार नाहीत इतके कमी औषध त्यांना मिळत राहिले, तर ते त्या औषधाला सरावतात, असे त्यांचे म्हणणे होते. वाढीसाठी खाद्यात मिसळली जाणारी मात्रा नेमकी अशीच असते.

प्रतिकारशक्ती पसरते कशी?

येथे ‘सरावतात’ हा शब्द थोडा समजून घ्यावयास हवा. एखादा जिवाणू औषध पचवायला शिकतो, असे प्रत्यक्षात घडत नाही. कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतील एखाद-दुसऱ्यात जन्मजात बदलामुळे किंवा इतर जिवाणूकडून आलेल्या गुणधर्मामुळे औषधाला तोंड देण्याची क्षमता असते. औषध पोटात गेले की दुबळे जिवाणू मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे थोडे प्रतिकारक जिवाणू बेसुमार वाढतात. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारले की त्याला दाद न देणारे तण माजते, तसाच हा प्रकार.

परंतु तण आणि जिवाणू यांच्यात एक मोठा फरक आहे. एका जातीचे तण आपला गुण दुसऱ्या जातीच्या तणाला सहसा देऊ शकत नाही. जिवाणू मात्र देऊ शकतात. जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज जनुकांची छोटी, वर्तुळाकार साखळी असू शकते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांच्या संपर्कात आले की या साखळीची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ते दोघे एकाच जातीचे असले पाहिजेत असेही नाही. आमांशाच्या साथींचा अभ्यास करताना जपानी शास्त्रज्ञांना १९५९ च्या सुमारास याचा पुरावा मिळाला. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू अशा रीतीने माणसाच्या पोटातील रोगकारक जिवाणूला आपले कवच बहाल करू शकतो. एकाच साखळीवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असतील, तर ती सगळी एकदमच जातात.

एका शेतावरचा प्रयोग

हे सारे प्रयोगशाळेत ठीक, प्रत्यक्ष शेतावर असे घडते काय, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात वादाचा विषय झाला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी बोस्टन शहराजवळच्या एका शेतावर प्रयोग केला. विशेष म्हणजे त्यासाठी पैसा पुरवला तो पशुऔषधे बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटनेनेच. असे काही घडत नाही, हे सिद्ध होईल अशी तिची अपेक्षा असावी.

लेव्ही यांनी सुमारे तीनशे पिल्ले घेतली. निम्म्यांना साधे खाद्य दिले, निम्म्यांना टेट्रासायक्लिन गटातील औषध मिसळलेले. एक-दोन आठवड्यांतच औषध खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यातील जिवाणू त्या औषधाला जुमानेनासे झाले. हे अपेक्षितच होते. पुढे घडले ते मात्र विचार करायला लावणारे होते. काही आठवड्यांनंतर त्याच पिल्लांमध्ये असे जिवाणू आढळू लागले की जे एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. त्यांपैकी बहुतेक औषधे पिल्लांना कधी दिलीही गेली नव्हती! पाच-सहा महिन्यांनी शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या विष्ठेच्या नमुन्यांतही प्रतिकारक जिवाणू वाढलेले दिसले. ज्या नमुन्यांत पाचांपैकी चारांहून अधिक जिवाणू टेट्रासायक्लिनला प्रतिकारक होते, अशा नमुन्यांचे प्रमाण या कुटुंबात ३१ टक्क्यांवर गेले होते. शेजाऱ्यांमध्ये ते जेमतेम ७ टक्के होते. कुटुंबातील कोणीही ते औषध घेत नव्हते. त्यांनी त्या कोंबड्या खाल्ल्या होत्या असेही नव्हे; शेडमध्ये ये-जा, खाद्य घालणे, साफसफाई एवढाच काय तो संबंध.

१९७६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधी खाद्य बंद केल्यानंतर काही महिन्यांत शेतावरील बहुतेक माणसांमधील प्रतिकारक जिवाणू ओसरले, ही त्यातील दिलाशाची बाब होती. एवढा स्पष्ट पुरावा हाती असूनही अमेरिकेत केवळ वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा वापर थांबायला २०१७ साल उजाडावे लागले. पुरावा आणि धोरण यांच्यामधील हे चाळीस वर्षांचे अंतर बोलके आहे.

युरोपने पावले त्यामानाने लवकर उचलली. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने माणसांच्या उपचारात लागणारी औषधे वाढीसाठी जनावरांना देऊ नयेत, अशी शिफारस केली. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा वापर पूर्णपणे बंद केला, आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात तो थांबला. यांत डेन्मार्कचा अनुभव विशेष उपयुक्त आहे. तेथे १९९५ मध्ये अॅव्होपार्सिन या खाद्यातील प्रतिजैविकावर बंदी आली. त्या वर्षी मांसल कोंबड्यांमधील एका जातीच्या जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के त्या गटातील औषधांना प्रतिकारक होते. २००० सालापर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. डुकरांमध्ये मात्र ते घटेना. शोध घेता असे दिसले की, डुकरांना टायलोसिन हे दुसरे औषध अजून दिले जात होते आणि दोन्ही औषधांविरुद्धची जनुके एकाच साखळीवर होती. टायलोसिनचा वापर थांबल्यावरच तेथे उतार पडला. एका औषधावर बंदी घालून दुसरे चालू ठेवले, तर पहिल्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही टिकून राहू शकते, हे यावरून दिसून आले.

कोलिस्टिनचे प्रकरण

आता कोलिस्टिनकडे वळता येईल. जपानमध्ये १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मातीतील जिवाणूपासून मिळालेले हे औषध माणसांसाठी काही वर्षे वापरले गेले. परंतु त्याने मूत्रपिंडाला इजा होते असे दिसल्याने १९७० नंतर डॉक्टरांनी ते जवळजवळ अडगळीत टाकले. पशुपालनात मात्र ते स्वस्त म्हणून रुळले. आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नसल्याने ते सुरक्षित आहे, असा समज होता.

दरम्यान रुग्णालयांतील चित्र पालटले. एकेक औषध निकामी होत गेले. शेवटची मानली जाणारी कार्बापेनेम गटातील औषधेही क्लेब्सिएल्लासारख्या जिवाणूंपुढे हरू लागली. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांना आणि नवजात बालकांच्या कक्षांना याची झळ चांगलीच लागली आहे. अशा वेळी डॉक्टरांनी अडगळीतील कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढले. मूत्रपिंडाचा धोका पत्करूनही ते द्यावे लागते, कारण त्याच्यामागे उभे राहणारे औषध सहसा नसते. म्हणजे एकीकडे रुग्णाच्या शिरेतून मोजून-मापून, काळजीपूर्वक दिले जाणारे औषध दुसरीकडे खाद्याच्या मिश्रणात फावड्याने कालवले जात होते.

चीनमधील शास्त्रज्ञांना शांघायच्या एका वराहपालन केंद्रातील डुकरात कोलिस्टिनला न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू मिळाला. त्याची प्रतिकारशक्ती प्लाझ्मिडवर होती. कोलिस्टिनच्या बाबतीत असे घडत नाही, हा तोवरचा समज त्यामुळे खोटा ठरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात ‘एमसीआर-१’ असे नाव दिलेले हे जनुक तपासलेल्या ८०४ जनावरांपैकी १६६ जनावरांच्या, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ नमुन्यांतील आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांच्या जिवाणूंत सापडले. जनावरे, मांस, माणूस या उतरत्या क्रमावरून त्याचा प्रवास कोणत्या दिशेने झाला असावा, याचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. पुढील दोन वर्षांत हे जनुक अनेक देशांत आढळले. चीनने २०१७ पासून वाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यास बंदी केली. त्यानंतर तेथील जनावरांत व माणसांत या जनुकाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे पाहण्यांतून दिसून आले. भारताची २०१९ ची अधिसूचना याच मालिकेतील होय. औषधाच्या माहितीपत्रकावर ‘अन्नोत्पादक प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती व पशुखाद्य पूरके यांत वापरू नये’ अशा आशयाची सूचना ठळकपणे छापणे तिने उत्पादकांवर बंधनकारक केले.

खाद्य कारखान्यात काय घडते?

जिवाणूंचा प्रश्न केवळ औषधापुरता नाही. खुद्द खाद्यातूनही जिवाणू येतात. १९७० च्या सुमारास पेरू देशातून निर्यात झालेल्या मासळीच्या भुकटीबरोबर साल्मोनेला अॅगोना हा तोवर दुर्मिळ असलेला जिवाणू अमेरिका, ब्रिटन व इतर काही देशांच्या कोंबड्यांत पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत तेथील माणसांच्या आजारपणाचे एक प्रमुख कारण बनला. मासळी, हाडे व मांस यांची भुकटी नीट शिजवलेली नसेल, मका दमट जागी साठवलेला असेल, गोदामात उंदीर-पाखरांचा वावर असेल, तर जिवाणूंना आयतेच आश्रयस्थान मिळते.

गोळीखाद्य बनवताना मिश्रणात वाफ सोडून ते सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात बहुतेक जिवाणू मरतात. पण गरम गोळ्या थंड होत असताना धुळीतून, यंत्रात साचलेल्या ओलाव्यातून त्यांचा पुन्हा शिरकाव होऊ शकतो. यंत्र आतून स्वच्छ व कोरडे ठेवणे हे गोळी तापवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

याहून कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे औषधाचा उरलेला अंश. आजारी कळपासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधी खाद्य तयार केले आणि त्याच मिक्सरमध्ये लगेच साधे खाद्य बनवले, तर भांड्याच्या कोपऱ्यांत आणि वाहकपट्ट्यांत राहिलेले औषध पुढच्या मिश्रणात उतरते. निरोगी पक्ष्यांना मग नकळत अत्यल्प मात्रा मिळते. म्हणजे फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता तीच. यासाठी औषधी खाद्य सर्वांत शेवटी बनवणे आणि नंतर यंत्रातून थोडा साधा मका फिरवून तो वेगळा काढणे, हा साधा उपाय आहे. घरच्या घरी फावड्याने खाद्य मिसळणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत अडचण निराळी असते. चिमूटभर औषध क्विंटलभर मिश्रणात सारखे पसरत नाही. काही पक्ष्यांना ते जास्त मिळते, काहींना नावापुरते.

अवशेष वेगळा, प्रतिकार वेगळा

या विषयावर बोलताना दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. मांसात किंवा अंड्यात औषधाचा अंश राहणे हा एक प्रश्न. जनावराच्या शरीरात प्रतिकारक जिवाणू वाढणे हा दुसरा. पहिल्यासाठी कायदा आहे. २०१२ मध्ये औषधविषयक नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार अन्नोत्पादक प्राण्यांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस थांबून दूध, अंडी वा मांस वापरावे, हे छापले पाहिजे. निश्चित अवधी ठरलेला नसेल, तर तो दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावयाचा असतो. पाच-सहा आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या आयुष्यात २८ दिवसांचा हिशेब कसा बसवायचा, हे ज्याचे त्याने पाहावे! शेवटच्या आठवड्यात दिलेले औषध हा नियम मोडतेच, असे समजावयास हरकत नाही.

परंतु हा नियम काटेकोर पाळला आणि मांसात औषधाचा कणही सापडला नाही, तरी दुसरा प्रश्न तसाच राहतो. औषध शरीरातून निघून जाते. त्याच्या आधाराने वाढलेले जिवाणू राहतात. ते विष्ठेतून गादीच्या तुसात जातात, तुसातून कोंबडीखतात आणि खतातून शेतात. चांगले शिजवलेले मांस व अंडी यांतून या जिवाणूंचे भय नाही, कारण उष्णतेने ते मरतात. धोका असतो तो कच्चे मांस हाताळताना, त्याच पाटावर कोशिंबीर चिरताना आणि शेडमधून हात न धुता घरात येताना.

सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान व पंजाब या राज्यांतील १२ कुक्कुटपालन केंद्रांची तपासणी प्रसिद्ध केली. तेथील खतात सापडलेले ई. कोलाय जिवाणू अनेक औषधांना प्रतिकारक होते, आणि हे खत टाकलेल्या आसपासच्या जमिनीतही त्याच स्वरूपाचा प्रतिकार आढळला. म्हणजे शेडच्या भिंतीपाशी हा विषय संपत नाही. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने विहिरीजवळ पडलेला कोंबडीखताचा ताजा ढीग, त्यावरच्या माश्या आणि उघड्यावर फेकलेले मेलेले पक्षी या एरवी दुर्गंधीच्या तक्रारी मानल्या जातात. त्या आरोग्याच्याही तक्रारी आहेत.

खत ताजे न पसरता ढीग रचून कुजवले आणि त्याच्या आत ५५ अंशांहून अधिक उष्णता काही दिवस टिकू दिली, तर बरेचसे जिवाणू नष्ट होतात. ढीग अधूनमधून उलटावा लागतो, कारण बाहेरचा थर आतल्याइतका तापत नाही. या पद्धतीने प्रतिकारशक्तीची जनुके पूर्णपणे नाहीशी होतात असे नाही, पण जिवंत जिवाणूंचा भार पुष्कळ कमी होतो आणि खतही चांगल्या प्रतीचे मिळते.

औषध निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र प्रत्येक शेतकऱ्याला असते असे नाही. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरवते. शेतकऱ्याचे असतात शेड, वीज, पाणी व श्रम, आणि त्याला मोबदला मिळतो तो किलोमागे. पोत्यात काय मिसळले आहे, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या २००७ च्या कुक्कुटखाद्यविषयक मानकात वाढीसाठी प्रतिजैविके टाळण्याची शिफारस होती, परंतु ते मानक ऐच्छिक असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहिला. खाद्याच्या पोत्यावरील घटकांची यादी वाचणे, ती नसेल तर पुरवठादाराकडे लेखी मागणे, आणि औषध दिल्यास त्याचे नाव, तारीख व मात्रा वहीत नोंदवून ठेवणे एवढे मात्र करारातील शेतकऱ्यालाही करता येते. गावात आजाराची साथ आली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना उपचार ठरवताना सर्वांत आधी हीच वही लागते.